चाळीस डॉलरचा गेज आणि ऑटोक्रॉसचा पहिला हंगाम

एप्रिल ते ऑक्टोबर असा संपूर्ण हंगाम वापरून झाल्यावर ज्या वस्तूबद्दल मी लिहीत आहे, ती दिसायला अगदी मामुली आहे: टायरमधील हवेचा दाब मोजणारा, लांब नळीचा आणि हवा सोडण्याचे बटण असलेला काट्याचा गेज. किंमत सुमारे ४० डॉलर. मिशिगनमध्ये ऑटोक्रॉसला सुरुवात करताना मी विकत घेतलेली ही पहिली आणि बराच काळ एकमेव वस्तू होती. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण याच घाटाचा गेज निरनिराळ्या नावांनी विकला जातो आणि मला सांगायचे आहे ते या घाटाविषयी. माझे मत आधीच सांगून टाकतो: गेज जरूर घ्यावा, मात्र त्याने आपली वेळ कमी होईल या आशेने घेऊ नये. मग तो कशासाठी घ्यावा, हे कळायला मला चार स्पर्धा लागल्या.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या पार्किंगच्या जागेवर किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून एक वळणावळणाचा मार्ग आखतात आणि एका वेळी एक गाडी घड्याळाविरुद्ध धावते. एक फेरी साधारण मिनिटभराची असते, दिवसभरात चार ते सहा फेऱ्या मिळतात आणि त्यांतील सर्वोत्तम वेळ धरली जाते. शंकू पाडला किंवा त्याच्याभोवती खडूने आखलेल्या चौकटीच्या पूर्ण बाहेर ढकलला, तर दोन सेकंदांचा दंड. तो उभा राहिला आणि चौकटीला थोडासा जरी टेकून असला, तर दंड नाही. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या भाषेत याला 'सोलो' म्हणतात आणि तिची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून नेब्रास्कातील लिंकन येथे, जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर होत आली आहे. भारतातही मोटरस्पोर्टची नियामक संस्था, म्हणजे एफएमएससीआय, ऑटोक्रॉसला मान्यता देते. परंतु तेथे बऱ्याच स्पर्धा मातीच्या मैदानावर होतात आणि सुट्या मातीवर हवेचे गणित वेगळे असते, त्यामुळे पुढील मजकूर डांबर आणि काँक्रीट यांपुरताच समजावा.

आता वस्तूकडे वळतो. अडीच इंचांची तबकडी, तिच्यावर ० ते ६० पीएसआयचे (पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) आकडे, प्रत्येक पीएसआयला एक रेघ, तबकडीभोवती जाड काळे रबर, सुमारे फूटभर नळी, टोकाला तिरप्या तोंडाची पितळी जोडणी आणि मानेवर एक लहानसे पितळी बटण. जोडणी व्हॉल्व्हवर दाबली की काटा एका झटक्यात वर येतो आणि नळी काढून घेतली तरी तेथेच थांबतो. बटण दाबल्यावर खाली उतरतो. जोडणी लावलेली असतानाच बटण दाबले तर टायरमधील हवा सुटते, 'स्स' असा बारीक आवाज येत राहतो आणि काटा एकेक रेघ मागे सरकताना दिसतो. मोजणे आणि हवा सोडणे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत होतात, हा या घाटाचा सर्वांत मोठा गुण होय. दोन फेऱ्यांच्या मधल्या चार मिनिटांत, डोक्यावर हेल्मेट आणि गुडघ्याखाली तापलेले डांबर अशा अवस्थेत चार चाकांशी उकिडवे बसून हे करायचे असते, तेव्हा त्याची किंमत कळते.

आतील यंत्रणा जुनीच आहे. युजीन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली चपटी, वाकवलेली धातूची नळी दाबाने किंचित उलगडते आणि ती उलगड दातेरी चाकांमार्फत काट्याला फिरवते. विद्युतघट संपण्याचा प्रश्न नाही. अचूकतेबद्दल मात्र खोक्यावरचे शब्द नीट वाचावेत. 'बी' दर्जाचा गेज तबकडीच्या मधल्या निम्म्या भागात पूर्ण मापाच्या दोन टक्क्यांपर्यंत चुकू शकतो आणि 'ए' दर्जाचा एक टक्क्यापर्यंत. हे टक्के दाखवलेल्या आकड्याचे नसून संपूर्ण तबकडीचे असतात. म्हणजे ६० पीएसआयच्या 'बी' गेजवर १.२ पीएसआयची चूक नियमात बसते आणि १०० पीएसआयच्या गेजवर दोनची. म्हणून गाडीसाठी ६० पर्यंतचाच गेज घ्यावा. १०० किंवा १६० पर्यंतचा गेज 'जास्त चांगला' समजून घेणारे भेटतात. ते अधिक पैसे मोजून अधिक चूक विकत घेतात. काही गेजमध्ये काटा थरथरू नये म्हणून ग्लिसरीन भरलेले असते. ते दिसायला भारदस्त वाटते, पण पूर्ण बंद गेजमधील द्रव उन्हाने प्रसरण पावला की वाचनावर परिणाम होतो. मी बिनग्लिसरीनचा घेतला आणि पस्तावलो नाही.

खरे तर अचूकतेपेक्षा सातत्य महत्त्वाचे आहे. माझा गेज जर प्रत्येक वेळी एक पीएसआय अधिक दाखवत असेल तर माझे काहीच बिघडत नाही, कारण मी माझ्याच आकड्यांशी तुलना करणार आहे. बिघडते ते आज एक अधिक आणि उद्या दोन कमी दाखवणाऱ्या उपकरणाने. माझ्या जुन्या पेनच्या आकाराच्या गेजचे नेमके असेच होते: एकाच टायरवर लागोपाठ तीन वेळा लावला तर ३३, ३६ आणि ३४. पेट्रोल पंपावरील यंत्राचा आणि माझा मेळ तर कधीच बसला नाही. आपल्याकडे पंपावर 'पुढे तीस, मागे बत्तीस' असे सांगून आपण निर्धास्त होतो. रोजच्या वापरात ते चालूनही जाते, पण येथे दोन पीएसआयच्या फरकाने गाडीचा स्वभाव बदलतो. गाडीत बसवलेली दाबाची सूचना देणारी यंत्रणाही या कामाची नाही. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून ती सर्व प्रवासी गाड्यांत सक्तीची झाली खरी, पण तिच्यावरचे बंधन शिफारशीपेक्षा दाब २५ टक्क्यांनी घटला तर दिवा लावण्याचे आहे. ३२ पीएसआयच्या टायरसाठी याचा अर्थ २४.

माझी गाडी म्हणजे चार दारांची, पुढील चाकांना शक्ती देणारी साधी सेडान. वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग पुढील चाकांवर. दारावरील पट्टीवर चारही टायरसाठी ३२ लिहिले आहे. हा आकडा आरामशीर प्रवास, इंधन, टायरचे आयुष्य आणि पूर्ण भरलेली गाडी या सगळ्यांची तडजोड करून काढलेला असतो. ऑटोक्रॉसमधील झटक्याच्या वळणात तोच टायर बाजूला लवंडतो: त्याची भिंत मुडपते, रस्त्याला टेकायची नक्षी एका कडेवर उचलली जाते आणि गाडी टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत जुळतात त्या कडेवर, धावू लागते. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचा प्रतिसाद उशिरा येतो आणि बाहेरची कड एका दिवसात सहा महिन्यांइतकी झिजते. हवा वाढवली की भिंत ताठ होते आणि प्रतिसाद चटकन येतो. पण वाढवतच गेलो तर टायर मध्यभागी फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि गाडी अळवाच्या पानावरील थेंबासारखी घरंगळते. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आपला आकडा असतो आणि तो प्रत्येक गाडी, प्रत्येक टायर आणि प्रत्येक चालकासाठी निराळा असतो.

साध्या टायरवरील पुढील चाकांच्या गाडीसाठी मला सुरुवातीला सांगितले गेले ते असे: पुढे पट्टीवरील आकड्यापेक्षा सहा ते आठ अधिक, मागे तीन-चार अधिक. टायरच्या भिंतीवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये आणि घरी जाताना महामार्गावर चढण्यापूर्वी हवा पुन्हा पट्टीवरील आकड्यावर आणावी. मी ४० आणि ३६ पासून आरंभ केला.

आकडा शोधण्याचे साधन मात्र गेज नाही, ते आहे पाच पैशांचा खडू. टायरच्या नक्षीवरून खांद्यावर आणि तेथून भिंतीवर उतरणारी पांढरी रेघ तीन ठिकाणी ओढायची आणि एक फेरी मारून यायचे. माझ्या पहिल्या फेरीनंतर पुढील डाव्या टायरवरची रेघ भिंतीवर बोटभर खाली आलेल्या भागापर्यंत पूर्ण पुसली गेली होती आणि तेथे रबराचे बारीक दाणे, खोडरबराच्या चुऱ्यासारखे, चिकटले होते. याचा अर्थ ४० देखील कमी पडत होते. किंवा मी तसा अर्थ काढला. अनेक टायरच्या खांद्यावर एक लहानसा त्रिकोण कोरलेला असतो. तो वास्तविक झीज दाखवणाऱ्या पट्टीची जागा सांगण्यासाठी असतो, पण ऑटोक्रॉसवाल्यांनी त्याला वेगळेच काम लावले आहे: रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली गेली तर हवा बरोबर, त्याच्या खाली गेली तर कमी, वर राहिली तर जास्त. सोय म्हणून हे उत्तम आहे. मात्र खडू टायर किती लवंडला तेवढेच सांगतो, तो का लवंडला ते सांगत नाही, आणि माझी पुढची दोन महिन्यांची फरपट या एका फरकातून झाली.

त्याआधी तापमानाचे सांगतो, कारण येथे गेजने आपले पैसे वसूल करून दिले. हवेचे तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की टायरमधील दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. मिशिगनमधील एप्रिलची सकाळ ६ अंशांची आणि दुपार २० अंशांची असू शकते. म्हणजे गाडी जागची न हलवता अडीच पीएसआय वाढले. त्यात फेऱ्यांमुळे टायर तापतात आणि आणखी दोन-चार वाढतात. सकाळी ४० वर लावलेला टायर दुपारच्या तिसऱ्या फेरीला ४५ दाखवतो, आणि चालक म्हणतो की दुपारी ट्रॅक निसरडा झाला. एकदा तर रांगेत उभ्या असलेल्या गाडीच्या उन्हाकडील दोन चाकांत सावलीतल्या चाकांपेक्षा दीड पीएसआय अधिक भरले. म्हणून लक्षात ठेवायचा आकडा तो तापलेल्या टायरचा. फेरी संपवून आल्याबरोबर मोजायचे, जास्त असेल तेवढे बटणाने सोडायचे आणि वहीत वेळेशेजारी लिहून ठेवायचे. हवा सोडणे सोपे, भरणे कटकटीचे. म्हणून सकाळी एक-दोन पीएसआय जास्त घेऊन यावे, हा सल्ला मला कोणीतरी पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.

आता फरपट. गेज हातात आला आणि मी प्रत्येक फेरीचे खापर हवेवर फोडू लागलो. गाडी वळणाबाहेर ओढली गेली की पुढे दोन वाढव. तरी ओढली गेली की मागे तीन वाढव, म्हणजे शेपूट सैल होईल आणि नाक वळेल. दुसऱ्या गोष्टीत तथ्य आहे: पुढील चाकांच्या गाडीत मागील दाब वाढवल्यावर मागील टायरची पकड थोडी घटते आणि गाडी वळायला राजी होते. पण मी ४४ आणि ४२ पर्यंत पोहोचलो होतो, गाडी चारही चाकांवर सरकत होती आणि वेळ तेथेच होती. जूनमधील सरावाच्या एका दिवशी, जेव्हा स्पर्धा नसते आणि फेऱ्या भरपूर मिळतात, मी पुढे ३४, ३८ आणि ४२ अशा तीन दाबांवर तीन-तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही गटांतील सर्वोत्तम वेळांमध्ये अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर निघाले. एकाच दाबावरील माझ्याच तीन फेऱ्यांमध्ये मात्र दीड सेकंदाचा चढउतार होता. वही समोर धरल्यावर लपायला जागा उरली नाही.

त्याच दुपारी माझा सहकारी, मूळचा साताऱ्याचा आणि या खेळात सहा वर्षे मुरलेला, माझ्या शेजारी बसला. अर्ध्या मार्गातच तो म्हणाला, "अरे, तू शंकूकडे बघतोस म्हणून शंकूवर जातोस. पुढचा सोड, त्याच्या पुढचा बघ." हे प्रत्येक नवशिक्याला सांगितले जाते आणि प्रत्येक नवशिक्या मान डोलावतो. प्रत्यक्षात मिनिटभराच्या फेरीत डोळे बंपरसमोरच्या शंकूवरून उचलून दोन शंकू पलीकडे ठेवणे हे पोहायला शिकताना काठ सोडण्याइतके अवघड असते. त्याने मग एक युक्ती केली: मी गाडी चालवत असताना तो पुढच्या-पुढच्या शंकूकडे हात करून मोठ्याने "तो... तो... आता तो" म्हणत राहिला. त्या फेरीत माझी वेळ दोन सेकंदांहून अधिक सुधारली. हवा तीच, टायर तेच.

बाकीचे तंत्र याच्या मागोमाग येते. ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाताना शंकू ओलांडल्यावर वळवायला सुरुवात केली की उशीर झालेला असतो आणि तो उशीर प्रत्येक शंकूगणिक वाढत जातो. चौथ्या शंकूपर्यंत स्टिअरिंग गरागरा फिरत असते. म्हणून गाडी शंकूच्या शेजारी येण्याआधीच पुढच्या बाजूला वळू लागलेली हवी, म्हणजे गाडीचा सर्वांत जवळचा क्षण शंकूच्या मागील अंगाला येतो. ब्रेक लावायचा तो गाडी सरळ असताना, एकदाच आणि ठाम. वळणात शिरताना थोडे अधिक हळू झालो तरी चालते, कारण बाहेर पडताना लवकर वेग देता येतो. मार्ग पायी फिरण्यासाठी सकाळी जो वेळ मिळतो त्यात तीन-चार चकरा माराव्यात आणि एखाद्या चकरेत खाली बसून, गाडीच्या आसनाच्या उंचीवरून, शंकू पाहावेत. उभ्याने जो मार्ग अगदी स्वच्छ दिसतो तो त्या उंचीवरून नारिंगी जंगल वाटतो.

आणि वळणाबाहेर ओढल्या जाणाऱ्या गाडीचे उत्तर बहुतेक वेळा उजव्या पायात असते. टायरला पकडीचा एक ठरावीक साठा असतो. तो वळण्यात खर्च करा, थांबण्यात करा किंवा वेग घेण्यात, एकूण तेवढाच. वळणात खूप वेगाने शिरायचे, टायर किंचाळू लागला की स्टिअरिंग आणखी पिळायचे आणि वर ॲक्सिलरेटर दाबायचा, म्हणजे रिकाम्या खिशातून तीन दुकानांत उधारी करण्यासारखे आहे. स्टिअरिंग थोडे मोकळे करून पाय क्षणभर उचलला की टायर पुन्हा धरतो. माझ्या पहिल्या दिवशी भिंतीवर बोटभर पुसली गेलेली खडूची रेघ हवेच्या कमतरतेपेक्षा या पिळण्याची खूण होती. जुलैमध्ये त्याच टायरवर, पुढे तापलेले ३८ आणि मागे ३७ ठेवून, रेघ बरोबर त्रिकोणाच्या टोकावर थांबली. म्हणजे हवा कमी करूनही टायर कमी लवंडला.

सहकाऱ्याची गाडी माझ्द्याची एमएक्स-५, सध्याच्या पिढीतील. वजन सुमारे १०६० किलो, पुढे-मागे जवळपास समसमान वाटलेले, आणि पट्टीवरील आकडा २९. त्याच्या गाडीला माझे आकडे दिले असते तर ती बर्फावरच्यासारखी चालली असती. त्याचे टायरही वेगळे: स्ट्रीट गटात किमान २०० ट्रेडवेअरची अट असते (ट्रेडवेअर म्हणजे टायरच्या टिकाऊपणाचा आकडा; तो जितका लहान तितका टायर सहसा मऊ) आणि स्पर्धक त्या सीमेवरचेच मऊ टायर घेतात, तर माझे बारमाही टायर ५०० चे. एकाच गाडीवर दोघे चालवत असतील तर टायर थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि फेऱ्यांच्या मध्ये त्यांच्यावर पाणी फवारावे लागते. अशा एका दिवशी त्याने माझाच गेज दर फेरीला वापरला आणि परत देताना, "दे की मला," एवढेच म्हणाला. शिफारसपत्र म्हणून मी ते पुरेसे धरतो.

आता दोष. तिरप्या तोंडाची जोडणी माझ्या चाकांच्या आखूड व्हॉल्व्हवर सहज बसत नाही. कोन किंचित चुकला तर हवा फुसफुसत बाहेर जाते आणि वाचन एक-दीडने कमी येते, त्यामुळे सुरुवातीला मी प्रत्येक चाक दोनदा मोजत असे. सरळ तोंडाची जोडणी वेगळी मिळते, ती खोक्यातच द्यायला हवी होती. ऑगस्टमध्ये गेज हातातून काँक्रीटवर पडला. रबरामुळे काच वाचली, पण काटा शून्यावर परतण्याऐवजी दीडवर थांबू लागला. विक्रेत्याला लिहिल्यावर आठवड्याने उत्तर आले की पडलेल्या वस्तूवर हमी लागू होत नाही. नियमानुसार ते योग्यच असेल. काच काढून काटा पुन्हा शून्यावर बसवता येतो, ते मी घरीच केले आणि मित्राच्या 'ए' दर्जाच्या गेजशी ताडून पाहिले, तर ३५ ते ४० च्या दरम्यान दोघांत अर्ध्या पीएसआयचा फरक राहिला. तेवढ्यावर मी समाधानी आहे. अंधारात तबकडी दिसत नाही, हा आक्षेप काही जण घेतात. ऑटोक्रॉस सहसा अंधारात होत नाही.

मोटार फक्त कामावर नेणाऱ्याने एवढा खर्च करण्याची गरज नाही, त्याला साधा डिजिटल गेज पुरेल. वर्षातून एखादीच स्पर्धा करणाऱ्याने शेजारच्या गाडीवाल्याकडून मागून घ्यावा, कोणी नाही म्हणत नाही. पण तीन-चार स्पर्धांचा विचार असेल तर नवे टायर, जाड सस्पेन्शन बार किंवा तत्सम काहीही घेण्याआधी हा गेज, एक वही आणि खडूची एक पेटी घ्यावी. आपला आकडा दोन स्पर्धांत ठरवावा आणि मग त्याला हात लावू नये, म्हणजे वेळ बदलली तर ती आपल्यामुळे बदलली हे निदान कळते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या स्पर्धेत मी पहिल्या फेरीनंतर एकदाच हवा मोजली, पुढील दोन टायरमधून एकेक पीएसआय सोडला आणि गेज पिशवीत टाकला. पाचव्या फेरीत हंगामातील माझी सर्वांत वेगवान वेळ लागली आणि शेवटच्या दरवाजाचे, म्हणजे ज्यांच्या मधून जायचे त्या जोडीचे, दोन शंकू आडवे झाले. चार सेकंद वाढले. परत येऊन सवयीने मोजले: पुढे ३८, मागे ३७.